स्थानिक प्रश्न आणि विधानसभेचा उमेदवार

ग्रामीण मतदारसंघातील विधानसभा निवडणुकीची प्रचारपत्रके एकत्र ठेवून वाचली, तर चिन्हे आणि छायाचित्रे बदललेली दिसतात. मजकूर सहसा बदललेला दिसत नाही. अमक्या गावाला सभामंडप, तमक्या वस्तीला डांबरी रस्ता, चौकात उंच खांबावरचे दिवे, तालमीला साहित्य, स्मशानभूमीला पत्र्याची शेड. या यादीलाच ‘स्थानिक प्रश्नांवरील उमेदवाराची भूमिका’ असे नाव दिले जाते. यांपैकी एकही गोष्ट निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळ्यात ज्या वस्तीवरून आजारी माणसाला खाटेवर घालून न्यावे लागते, त्या वस्तीला रस्त्याचे मोल शहरातल्या माणसाने शिकवू नये. परंतु यादी म्हणजे भूमिका नव्हे. भूमिका म्हणजे दोन हितसंबंध समोरासमोर उभे असताना आपण कोणाच्या बाजूचे, हे सांगणे. पाणी कोणाला आधी मिळावे, कामाची हमी कोणाच्या पैशातून पाळली जावी, माल विकताना खर्चाचा बोजा कोणी उचलावा, या प्रश्नांची उत्तरे देताना कोणीतरी नाराज होते. सभामंडपाच्या यादीने कोणीच नाराज होत नाही. म्हणूनच ती सर्व पक्षांना सोयीची वाटते.

विधानसभेचा सदस्य कायदे करण्यासाठी, राज्याचे अंदाजपत्रक तपासून मंजूर करण्यासाठी आणि शासनाला जाब विचारण्यासाठी निवडला जातो. गटारे, दिवे आणि अंतर्गत रस्ते ही ग्रामपंचायतीची, पंचायत समितीची आणि जिल्हा परिषदेची कामे होत. ७३ व्या घटनादुरुस्तीला तीन दशके उलटून गेली, तरी ती कामे आमदाराच्या नावाच्या पाटीखाली होत राहावीत, यात पंचायत राज्याचा संकोच आहे आणि विधिमंडळाचाही.

निधीचे गणित

आमदार निधीचा बोलबाला इतका आहे की त्याचे साधे गणित कोणी मांडत नाही. महाराष्ट्रात हा निधी प्रत्येक आमदारामागे वर्षाला ५ कोटी रुपये आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी राज्यात सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदारसंघ २८८. म्हणजे सरासरीने एका मतदारसंघात ३ लाख ३७ हजारांच्या आसपास मतदार. भागाकार केला तर दर मतदारामागे वर्षाला १५० रुपयेही पडत नाहीत. पाच वर्षांचे मिळून ७५० रुपयेही होत नाहीत. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरील दैनिक मजुरी ३१२ रुपये ठरविण्यात आली होती. ज्या निधीच्या नावाने गावोगाव भूमिपूजने होतात, तो निधी पाच वर्षांत एका मतदाराच्या वाट्याला तीन दिवसांच्या मजुरीइतकाही येत नाही.

वस्तुतः या निधीच्या बाहेर राज्याचे सारे अंदाजपत्रक असते. त्यातून कालव्याला किती, जिल्हा परिषदेच्या शाळेला किती, प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरण्यासाठी किती, हे ठरते. उमेदवाराने त्या मोठ्या रकमेविषयी मौन पाळावे आणि छोट्या रकमेचे दातृत्व मिरवावे, हा व्यवहार मतदाराच्या हिताचा नाही.

या व्यवहारातून आणखी एक विपरीत निष्कर्ष निघतो आणि तो आज खेड्यापाड्यांत सर्वमान्य झाला आहे. ‘आमदार सत्तेतला हवा, नाहीतर निधी येत नाही.’ स्थानिक प्रश्न म्हणजे शासनाने द्यावयाचे दान, असे एकदा मानले की हा निष्कर्ष टाळता येत नाही. दात्याच्या जवळ बसणाऱ्याला अधिक मिळणार, हे उघडच आहे. परंतु प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिलेल्या हक्काच्या रूपात असेल, तर विरोधी बाकावरच्या सदस्याचा मतदारसंघही त्या हक्काचा तेवढाच धनी असतो. म्हणून उमेदवार आपल्या तालुक्याचे प्रश्न कोणत्या भाषेत मांडतो, दानाच्या की हक्काच्या, यावर लोकशाहीतील विरोधी पक्षाचे ग्रामीण भागातील अस्तित्वच अवलंबून आहे.

सांगोल्याचा दाखला

हे केवळ तत्त्व म्हणून सांगून भागणार नाही. महाराष्ट्रात याचा एक दीर्घ दाखला आहे. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा पर्जन्यछायेतील तालुका. माण नदी वर्षातील बहुतेक काळ वाळूचे पात्र म्हणूनच ओळखली जाते. या मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ मध्ये प्रथम निवडून आले आणि २०१४ मध्ये अकराव्यांदा. मध्यंतरी १९७२ आणि १९९५ मध्ये त्यांचा पराभव झाला. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले, तर १९९५ चा पराभव अवघ्या १९२ मतांचा होता. दोन वेळा ते मंत्रिमंडळात होते, त्यांपैकी १९९९ नंतर रोजगार हमी खात्याचे मंत्री म्हणून. हा अल्प काळ वगळता त्यांचे सारे सभागृहीन आयुष्य विरोधी बाकावर गेले. ३० जुलै २०२१ रोजी त्यांचे निधन झाले.

समाजवादी चळवळ आणि शेतकरी कामगार पक्ष यांच्यातील सैद्धान्तिक मतभेद जुने आहेत. ते येथे उगाळण्याचे कारण नाही. ‘सत्तेतला आमदार हवा’ हे सूत्र खरे असते, तर हा उमेदवार दुसऱ्यांदाही निवडून यावयास नको होता. तो अकरा वेळा आला, याचे श्रेय बहुतेक लोक त्यांच्या साधेपणाला देतात. एस. टी. ने प्रवास करणारा आमदार ही प्रतिमा लोकांना भावली, हे खरे. पण केवळ साधेपणावर कोणी पाच दशके निवडून येत नाही. सांगोल्याच्या उमेदवाराने तालुक्याचे प्रश्न राज्याचे प्रश्न म्हणून मांडले आणि सांगोल्याच्या मतदाराने ती मांडणी स्वीकारली, हे आमच्या मते अधिक महत्त्वाचे कारण आहे. काम आणि पाणी या दोन प्रश्नांवरून हे तपासता येईल.

कामाची हमी : तालुक्याचा प्रश्न, राज्याचा कायदा

दुष्काळी तालुक्यात शेतमजुराचा आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा पहिला प्रश्न काम हा असतो. सांगोल्याच्या शेजारी, सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये हाताला काम देण्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळाने त्या प्रयोगाला राज्यव्यापी रूप दिले. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्या या हातांच्या मागण्यांसाठी डाव्या आणि समाजवादी पक्षांनी मोर्चे काढले, धरणे धरली. पुढे १९७७ मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला व तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला.

या कायद्यातील अर्थशास्त्र विसरण्याजोगे नाही. १९७५ पासून राज्यात व्यवसाय कर बसविण्यात आला. शहरातील पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून येणारी रक्कम आणि तितकाच राज्य शासनाचा वाटा, यांतून हमीचा खर्च भागविण्याची तरतूद झाली. म्हणजे मुंबईतील कारकुनाच्या पगारातून दरमहा कापली जाणारी छोटी रक्कम माणदेशातील बाईच्या मजुरीशी कायद्याने बांधली गेली. कोणत्याही तालुक्याच्या निधीतून, कोणत्याही आमदाराच्या शिफारशीने हे घडले नसते. ते सभागृहातच घडू शकत होते आणि तेथेच घडले.

पुढचे पाऊलही तितकेच बोलके आहे. १९९० पासून रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. लहान शेतकऱ्याच्या कोरडवाहू रानात खड्डे घेणे, रोपे लावणे, ती जगविणे या कामाची मजुरी हमीतून मिळू लागली. सांगोल्याचे नाव आज डाळिंबासाठी घेतले जाते. त्या बागांच्या मुळाशी शेतकऱ्याचे कष्ट आहेत, तसाच हा सार्वजनिक पैसाही आहे. डाळिंबाला ‘खासगी उद्यमशीलतेचे यश’ म्हणणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवावा.

२००५ मध्ये संसदेने देशभरासाठी वर्षाला १०० दिवसांच्या कामाचा कायदा केला आणि महाराष्ट्राची कल्पना राष्ट्रीय झाली. अकुशल कामाची मजुरी पूर्णपणे केंद्राने देण्याची त्यात तरतूद होती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १०० वरून १२५ करण्यात आले आणि त्याचीच जाहिरात झाली. परंतु त्याच कायद्यानुसार बहुतेक राज्यांनी खर्चाचा ४० टक्के भाग उचलावयाचा आहे. प्रत्येक राज्याचा नियतव्यय केंद्र ठरविणार आणि त्यापलीकडचा खर्च राज्यावर पडणार. पेरणी-काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची मुभाही राज्यांना आहे. मागणीनुसार निधी हा हमीचा प्राण होता. रक्कम आधी ठरवून मग काम वाटावयाचे, असे झाले तर उरते ती योजना; हमी उरत नाही.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा विधानसभेच्या दारात आला आहे. ४० टक्के कोठून आणणार? नियतव्यय संपल्यावर काम मागणाऱ्याला काय सांगणार? महाराष्ट्राचा स्वतःचा हमी कायदा जिवंत ठेवणार की नाही? ग्रामीण मतदारसंघातील उमेदवाराची ‘स्थानिक’ भूमिका तपासावयाची असेल, तर हे तीन प्रश्न पुरेसे आहेत. ‘मी तुमच्या गावाला काम देईन’ असे उत्तर आले, तर उमेदवाराला प्रश्न कळलेला नाही, असे समजावे.

पाणी : किती आले यापेक्षा कोणाला मिळाले

दुसरा प्रश्न पाण्याचा. कृष्णा पाणीतंटा लवादाच्या १९७६ च्या अंतिम निवाड्याने महाराष्ट्राला ५६० अब्ज घनफूट पाण्याचा वाटा दिला आणि २००० सालानंतर फेरविचाराला वाव ठेवला. मिळालेले पाणी मुदतीत वापरात आणण्याची घाई शासनाला सुचली ती १९९६ मध्ये, कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले तेव्हा. त्यापूर्वीच, १९९३ पासून, आटपाडी येथे दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरू लागल्या होत्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव देशमुख या परिषदांच्या अग्रभागी राहिले. तीन वेगळ्या मतदारसंघांची आणि वेगळ्या पक्ष-संघटनांची माणसे एका मागणीवर एकत्र आली, हे लक्षणीय होते. सांगोल्याचा आमदार ‘आधी सांगोला’ असे म्हणाला असता, तर शेजारचा तालुका ‘आधी आटपाडी’ म्हणाला असता आणि दोघेही कोरडे राहिले असते.

परिषदेच्या मागणीचे दोन भाग होते. कृष्णेचे पाणी दुष्काळी भागात आणावे, हा पहिला. ते समन्यायी पद्धतीने, प्रत्येक कुटुंबाला वाटून द्यावे, हा दुसरा. पहिला भाग टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांच्या रूपाने, अतिशय विलंबाने आणि अंशतः, प्रत्यक्षात आला. दुसऱ्या भागाविषयी मात्र प्रचारसभांतून क्वचितच ऐकू येते. कारण पाणी ‘आणणे’ सर्वांना आवडते. ‘वाटणे’ म्हटले की वरच्या शिवारातला आणि खालच्या शिवारातला, बागायतदार आणि कोरडवाहू, जमीनधारक आणि भूमिहीन हे भेद उघडे पडतात.

वाटपाचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे सत्तरच्या दशकात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. माणशी अर्धा एकर भिजेल इतके पाणी, पाण्याचा हक्क जमिनीला नव्हे तर माणसाला, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस नाही, अशी त्याची सूत्रे होती. १९७९ मध्ये वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आदींच्या समितीने बारमाही पिकांऐवजी आठमाही पाणीवाटपाचा विचार मांडला, तो थोड्या पाण्यात अधिक रान भिजावे याच हेतूने. तथापि, लागवडीखालील जमिनीचा काही टक्केच भाग व्यापणारा ऊस राज्यातील सिंचनाच्या पाण्यापैकी निम्म्याहून अधिक पाणी घेतो, ही स्थिती पालटली नाही. कारण उसाच्या पाठीशी कारखाना उभा असतो आणि कारखान्याच्या पाठीशी बहुधा आमदार.

उपसा योजनेत आणखी एक पेच आहे. पाणी वर चढवावयाचे तर वीज लागते आणि तिचे बिल थकले की पंप बंद पडतात. या बिलांपैकी ८१ टक्के शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी भरावयाचे, असे सूत्र ठरले आहे. आम्हाला हे सूत्र तत्त्वतः मान्य आहे. पण ८१ टक्के भाग साऱ्या जनतेच्या तिजोरीतून जात असेल, तर ते पाणी कोणाच्या शेतात जाते, हे विचारण्याचा अधिकारही साऱ्या जनतेचा आहे. सार्वजनिक पैशाने उचललेले पाणी कालव्याच्या कडेला मोठा पंप बसवू शकणाऱ्यांनी ओढून घ्यावे आणि शेवटच्या वस्तीने टँकरची वाट पाहावी, याला सिंचन म्हणता येईल. सामाजिक न्याय म्हणता येणार नाही. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापन पद्धतीने पाणी मोजून देण्याची तरतूद केली आहे. आपल्या मतदारसंघात अशा किती संस्था कागदावर आहेत आणि किती पाणी मोजून घेतात, हे उमेदवाराला ठाऊक असले पाहिजे.

बाजार आणि शाळा

हाच निकष इतर प्रश्नांनाही लागू होतो. शेतकऱ्याने बाजार समितीत माल आणला की अडत, हमाली, तोलाई कापून उरलेले हाती येते. २०१६ मध्ये फळे व भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. निर्णय योग्य होता. पण पट्टीवर ती कपात वेगळ्या नावाने परत येते काय, हे पाहणारी यंत्रणा नसेल, तर निर्णय राजपत्रातच राहतो. हमालाच्या मजुरीला धक्का न लावता शेतकऱ्याची लूट थांबविणे, ही अवघड पण आवश्यक भूमिका आहे. सांगोल्यात शेतकऱ्यांची सहकारी सूत गिरणी उभी राहिली. सहकार म्हणजे नेत्याची मालमत्ता नव्हे, हे तेथे पाहता आले. डाळिंबाच्या साठवणुकीसाठी आणि प्रक्रियेसाठी तशी संस्था कोण उभारणार, हे उमेदवाराने सांगावे.

शाळेचेही तसेच. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार शासनाने पुढे आणला. माणदेशातील वाड्या-वस्त्या विखुरलेल्या आहेत. मेंढपाळांची कुटुंबे वर्षाचा काही काळ बाहेर असतात. तेथे पट कमी असणे हा शाळेचा दोष नव्हे, भूगोलाचा आणि दारिद्र्याचा परिणाम आहे. वस्तीवरची शाळा मिटली की प्रथम मुलीचे शिक्षण सुटते. शाळेला रंग देणारा उमेदवार आणि शाळा टिकविण्यासाठी सभागृहात उभा राहणारा उमेदवार यांतील फरक मतदाराला समजावून सांगणे हे कार्यकर्त्याचे काम आहे.

मर्यादाही पाहिल्या पाहिजेत

सांगोल्याचा दाखला आम्ही देतो तो आरती ओवाळण्यासाठी नव्हे. त्यातील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पाच दशकांत मतदारसंघ एका व्यक्तीच्या विश्वासावर उभा राहिला. त्या विश्वासाचे संघटनेत रूपांतर पुरेसे झाले नाही. २०१९ मध्ये गणपतराव स्वतः उभे राहिले नाहीत आणि पक्षाने ती जागा ७६८ मतांनी गमावली. २०२४ मध्ये ती परत मिळाली. दोन्ही वेळा उमेदवार त्यांच्याच कुटुंबातील होता. चळवळीला उत्तराधिकारी घरातच शोधावा लागावा, ही एका पक्षाची नव्हे, सर्वच डाव्या आणि समाजवादी पक्षांची व्यथा आहे. दुसरे असे की, पाणी आणण्याच्या लढ्यात जी एकजूट दिसली, ती पाणी वाटण्याच्या प्रश्नावर टिकविता आली नाही. डाळिंबाने काही कुटुंबे सावरली. परंतु तेल्या रोगाने आणि अवकाळी पावसाने बागा गेल्या, तेव्हा ज्यांच्यापाशी दुसरा आधार नव्हता ते पुन्हा ऊसतोडीच्या आणि शहराच्या वाटेला लागले. बागेचा मालक आणि बागेतील मजूर यांचे हित नेहमी एकच असते, असे मानण्याची चूक आपल्या चळवळीने करू नये.

याही पुढे एक आक्षेप घेतला जाईल. कायदा, लवाद, नियतव्यय हे शब्द गावच्या चावडीवर चालत नाहीत. लोकांना दिसणारे काम हवे असते. या आक्षेपात मतदाराविषयी एक सूक्ष्म तुच्छता आहे. १९७३ मध्ये खडी फोडणाऱ्या निरक्षर स्त्रियांना मजुरीचे दरपत्रक तोंडपाठ होते. दुष्काळी तालुक्यातील शेतकऱ्याला आवर्तन, चारी आणि वितरिका यांचे राजकारण कोणत्याही प्राध्यापकाहून अधिक कळते. लोकांना प्रश्न कळत नाहीत असे नाही. ते प्रश्न निवडणुकीत विचारता येतात, हे त्यांना कोणी सांगत नाही.

कार्यकर्त्यांना

पुढील विधानसभा निवडणूक २०२९ मध्ये व्हावयाची आहे. उमेदवारीचे अर्ज भरण्याच्या आठवड्यात भूमिका ठरत नसतात. तेव्हा जुळतात ती फक्त समीकरणे. म्हणून काम आतापासून हवे. प्रत्येक तालुक्यातील आपल्या शाखेने चार गोष्टींची नोंद ठेवावी. रोजगार हमीवर किती जणांनी लेखी काम मागितले, किती जणांना मिळाले आणि मजुरी किती दिवसांनी हाती आली. शेवटच्या चारीपर्यंत किती आवर्तने पोहोचली. बाजार समितीच्या पट्टीवर कोणत्या कपाती दिसतात. कोणती शाळा पटाच्या कारणाने धोक्यात आहे. ही नोंद ग्रामसभेत वाचून दाखवावी, तिच्यावर ठराव घ्यावा आणि ते ठराव आमदारापुढे, मग तो कोणत्याही पक्षाचा असो, प्रत्येक अधिवेशनाच्या आधी ठेवावेत. अधिवेशन संपल्यावर त्याने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या कपात सूचनेला पाठिंबा दिला, कोणत्या विधेयकावर तो गप्प राहिला, हेही त्याच ग्रामसभेत सांगावे.

आपल्या पक्षाच्या उमेदवारालाही यातून सूट नसावी. किंबहुना त्याची परीक्षा अधिक कडक हवी. समन्यायी पाणीवाटपाला त्याचा पाठिंबा असेल, तर त्याच्या स्वतःच्या उसाचे आणि बागेचे पाणी मोजले जाईल, हे त्याने जाहीरपणे मान्य केले पाहिजे. मागेल त्याला काम हा हक्क त्याला मान्य असेल, तर हंगामात मजुरी वाढते म्हणून कुरकुरणाऱ्या बागायतदारांच्या सभेतही त्याने तो मांडला पाहिजे. असे करताना काही मते जातील. पण मते जातील या भीतीने जी भूमिका सांगितली जात नाही, तिच्यासाठी निवडून आल्यावर सभागृहात लढण्याचे बळ उमेदवाराच्या अंगी येत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.